सोलमधले नवे बिऱ्हाड

परगावी बिऱ्हाड थाटायचे म्हटले की आपल्याकडची वडीलधारी मंडळी आधी कागदांची चौकशी करतात. करार झाला का, बँकेत खाते उघडले का, पत्त्याचा पुरावा हाती आला का, हे प्रश्न एकदा मार्गी लागले की मग भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरुणाचा विषय निघतो. सोलला शिकायला आल्यावर मात्र हा क्रम मला पार उलटा अनुभवाला आला. सरकारदरबारी मी इथली रहिवासी ठरायला अजून बराच अवकाश आहे. बँक मला ओळखत नाही, मोबाइल कंपनी मला ओळखत नाही, आणि जेवण घरपोच मागवण्याचे ॲप तर मला दारातही उभे करत नाही. तरीही पहिला आठवडा संपता संपता मी इथे राहते असे मला बिनदिक्कत म्हणता येते, कारण माझे बस्तान खोलीच्या जमिनीपासून बसू लागले आहे.

कोरियातले शैक्षणिक वर्ष मार्चच्या आरंभी सुरू होत असल्याने नवे विद्यार्थी फेब्रुवारी सरता सरता येऊन दाखल होतात, आणि तेव्हा सोलमध्ये रात्रीचा पारा शून्याच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. पुण्याच्या थंडीच्या हिशेबाने आणलेला स्वेटर विमानतळाच्या दारातच निरुपयोगी ठरला. शिन्छोन भागात, चढावरच्या एका गल्लीत, एका लहानशा इमारतीत मला खोली मिळाली आहे. इथे मजल्यांची मोजणी तळमजल्यालाच पहिला धरून होते, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरची माझी खोली आपल्या हिशेबाने दुसऱ्या मजल्यावर निघाली, आणि दोन बॅगा वाहून नेताना हा हिशेब फार सुखाचा वाटला. दार उघडले की आत हातभर रुंदीची खोलगट जागा असते; तिथे पादत्राणे काढायची आणि पायरी चढून खोलीत पाऊल टाकायचे. मी न सांगता बूट काढले याचे घरमालकीण बाईंना अप्रूप वाटले, कारण त्यासाठी त्यांनी फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर एक वाक्य आधीच तयार करून ठेवले होते.

पाय टेकताच जमीन कोमट लागली. जमीन तापवण्याच्या या पद्धतीला इथे ओन्दोल म्हणतात. पूर्वी चुलीची धग आणि धूर जमिनीखालच्या दगडी मार्गांतून खेळवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडत असत. आता त्या जागी बॉयलरमधले गरम पाणी नळ्यांतून फिरते आणि भिंतीवरच्या बटणांनी ते कमीजास्त करता येते. हवा तापवणाऱ्या यंत्रापेक्षा ही रीत मला कितीतरी सरस वाटते, कारण ऊब पायांकडून वर चढते, डोके थंड राहते, आणि माणूस आपसूक मांडी घालून खाली बसतो. खोलीत टेबल आणि खुर्ची दोन्ही आहेत, पण पुस्तके, लॅपटॉप, जेवणाचे ताट असे सगळेच एकेक करून जमिनीवर उतरले आहे. रात्री पसरून ठेवलेले मोजे सकाळी खडखडीत वाळलेले मिळतात. बॉयलर गॅसवर चालतो आणि गॅसचे बिल भाडेकरूने भरायचे असते, एवढी माहिती मात्र बाईंनी ॲपवर मला पुन्हा पुन्हा ऐकवली. विजेचा प्रश्न त्या मानाने किरकोळ निघाला. दाब 220 व्होल्टच असल्याने आपले दोन गोल पिनांचे चार्जर चालून जातात. तीन पिनांच्या वायरीला तेवढा अडॅप्टर लागतो.

मी आले तेव्हा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर ओळीने राष्ट्रध्वज लागले होते. 1 मार्च 1919 रोजी जपानी सत्तेविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि देशभर निदर्शने झाली, त्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. त्या स्मरणार्थ 1 मार्चला सुट्टी असते आणि ती संपली की विद्यापीठे उघडतात. विद्यार्थ्यांनी वर्षाचा आरंभ त्या दिवसाला लागून करावा, यात कोणाची योजना नसली तरी औचित्य नक्कीच आहे. कोरियाची जपानी सत्तेतून मुक्तता 15 ऑगस्ट 1945 ची, आपले स्वातंत्र्य 15 ऑगस्ट 1947 चे. तारखेच्या या धाग्यावर माझी आणि विद्यापीठाने मदतीला दिलेल्या कोरियन मुलीची पहिली ओळख झाली.

लिपी शिकून जा, हा आधी येऊन गेलेल्या मुलांचा सल्ला सोळा आणे खरा निघाला. सेजोंग राजाने 1443 मध्ये सिद्ध केलेली आणि 1446 मध्ये प्रजेसाठी जाहीर केलेली हंगुल लिपी उच्चाराच्या अवयवांवरून बेतलेली आहे: ‘म’साठी तोंडाच्या आकाराचा चौकोन, ‘न’साठी वर वळलेल्या जिभेचा कोन, आणि उच्चारात श्वासाचा जोर वाढला की त्याच आकृतीत आणखी एक रेघ. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्गवारी शाळेत घोकलेल्या माणसाला यातले तर्कशास्त्र पटकन उमगते आणि थोड्या सरावाने पाट्या वाचता येतात. अर्थ कळत नाही, हा भाग वेगळा. पण मोठ्या कष्टाने ‘आ-इ-स-ख-रिम’ असे जुळवावे आणि पुढे दुकानात आइस्क्रीमचा फ्रिज दिसावा, यात जी मौज आहे ती भाषा अस्खलित येणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. भुयारी रेल्वेचा दोन क्रमांकाचा हिरवा मार्ग शहरात वर्तुळाकार फिरतो आणि त्याच्यावरच्या कितीतरी स्थानकांना विद्यापीठांचीच नावे आहेत. बसमधून उतरतानाही टी-मनी हे प्रवासभाड्याचे कार्ड यंत्राला टेकवायचे असते, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत पुढची गाडी पकडल्यास भाडे नव्याने पहिल्यापासून लागत नाही. हे कळल्यापासून मी उगाचच लगबगीने गाड्या बदलू लागले आहे.

विद्यापीठाच्या खानावळीत ताट, वाट्या, चॉपस्टिक्स सगळे स्टीलचे, त्यामुळे पहिल्याच दिवशी नजर निवली. भात झाकणाच्या छोट्या स्टीलच्या वाटीत येतो. तांदळाची नासाडी थांबावी म्हणून 1970 च्या दशकात सरकारने हॉटेलांतल्या या वाटीचे माप ठरवून दिले, आणि तांदळाची टंचाई केव्हाच सरली तरी वाटी टिकून राहिली. भात इथे चमच्याने खातात, ही परदेशी पाहुण्यावर मोठीच कृपा आहे. वाटी उचलून तोंडाजवळ नेणे मात्र शिष्टसंमत नाही, आणि ती इतकी तापलेली असते की तसा मोह होतही नाही. मी शाकाहारी असल्याने अडचण भाताची नसून रश्शाची आहे. साधे भाजीचे सूप म्हणून समोर आलेल्या वाडग्याचा उगम बहुधा वाळवलेल्या बारीक मासळीत असतो, आणि किमची या आंबवलेल्या भाजीत सहसा खारवलेल्या कोळंबीचा किंवा माशाचा अंश असतो. या बाबतीत किती डोळेझाक करायची हे प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने ठरवावे; मी रस्सा टाळते आणि किमचीची चौकशी करत नाही. ग्वांगजांग बाजारात मात्र मला अनपेक्षितपणे माहेर भेटले. तिथे भिजवलेले मूग जात्यावर वाटून, त्या पिठात मोड आलेल्या कडधान्याची भाजी घालून, तेलाने भरलेल्या तव्यावर जाडजूड बिंदेत्तोक तळतात. डुकराचे मांस घातले नसल्याची खात्री करून घेतली की ते आपले मुगाचे धिरडेच; फक्त आपण ज्याला तळणे म्हणू, तेवढे तेल इथे शेकायला लागते.

जेवणामागून कचरा येतो, आणि सोलमध्ये खरी परीक्षा तिथे असते. 1995 पासून देशभर असा नियम आहे की घरातला कचरा पालिकेने ठरवून दिलेल्या विकतच्या पिशवीतूनच बाहेर ठेवायचा. कचरा जितका जास्त, तितका पिशव्यांचा खर्च जास्त. पिशवी त्या त्या प्रभागाची असते, म्हणून माझ्या पिशवीवर ठळक अक्षरांत ‘सोदेमुन’ असे छापलेले आहे. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात या पिशव्या गल्ल्यामागे ठेवलेल्या असतात आणि मागाव्या लागतात. मी बोटांनी वीस लिटर दाखवल्यावर तिथल्या मुलाने माझ्याकडे जरा साशंक नजरेने पाहिले. एकट्या माणसाला वीस लिटरची पिशवी भरायला किती दिवस लागतात आणि तेवढ्या दिवसांत खोलीत कसला दर्प सुटतो, हे त्याला ठाऊक असणार.

खरकट्याची पिशवी निराळी. खरकट्यापासून जनावरांचे खाद्य, खत किंवा गॅस बनवतात, आणि म्हणून जनावराला खाता येईल ते खरकटे, बाकीचे साध्या कचऱ्यात, असा ढोबळ निकष आहे. ऐकायला तो सोपा वाटतो, पण मराठी स्वयंपाकघरासमोर त्याचे काही चालत नाही. कांद्याची आणि लसणाची साले खरकटे नव्हेत. अंड्याचे कवच नव्हे, आंब्याची कोय असती तर तीही नव्हे. कलिंगडाची साल मात्र खरकटे. सकाळच्या चहाचा आल्यासकटचा चोथा हातात घेऊन मी दोन्ही पिशव्यांच्या मध्ये उभी असताना बाई खाली आल्या, त्यांनी चोथा बोटाने चाचपला, पाणी नीट पिळून काढायला लावले आणि साध्या कचऱ्याकडे हात केला. आल्याच्या तुकड्यांवर त्यांचा किंचित विचार चालला होता, पण तो त्यांनी आवरता घेतला. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटल्यांचा तर स्वतंत्र कप्पा आहे. 2020 च्या अखेरीस मोठ्या गृहसंकुलांत आणि त्यानंतर वर्षभराने आमच्यासारख्या इमारतींत हा नियम आला: बाटली आतून धुवायची, वरचे वेष्टन सोलून काढायचे, चेपायची, बूच लावायचे आणि मग ठेवायची. आमच्या गल्लीत पिशव्या ठरलेल्या दिवशी सूर्यास्तानंतरच दारापुढे आणायच्या असतात, त्यामुळे संध्याकाळी अंधार पडला की घराघरांतून माणसे पिशव्या घेऊन उतरतात आणि एकमेकांना वाकून अभिवादन करतात. माझी शेजाऱ्यांशी जी काही ओळख आहे ती या वेळेची आहे. रस्त्यावर कचराकुंड्या जवळपास नाहीतच, कारण पिशवी विकत घ्यावी लागू नये म्हणून लोक घरचा कचरा तिथे आणून टाकू लागले होते. परिणामी कॉफीचा रिकामा पेला हातात धरून मैलभर चालणारी सुवेष माणसे या शहरात नित्य दिसतात.

एवढे सगळे जमले, तरी कागद मागेच राहिले आहेत. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करायचा, इमिग्रेशन कचेरीची वेळ आधी ठरवून घ्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, आणि मग तेरा आकड्यांचा क्रमांक असलेले कार्ड मिळते. ते कार्ड नसले की स्वतःच्या नावाचा नेहमीचा मोबाइल क्रमांक मिळणे कठीण, त्या क्रमांकाशिवाय संकेतस्थळे ओळख पटवून घेत नाहीत, आणि ओळख पटल्याशिवाय साधे सिनेमाचे तिकीट काढायलाही नाकी नऊ येतात. एका बँकेत मला अत्यंत अदबीने बसवून, पाणी देऊन, तितक्याच अदबीने परत पाठवण्यात आले. तोवर सगळा व्यवहार रोखीचा, त्यामुळे नोटा निरखून पाहायला सवड मिळते. हजारच्या नोटेवर ई ह्वांग हे सोळाव्या शतकातले विद्वान, पाच हजारच्या नोटेवर त्यांचेच समकालीन ई ई, दहा हजारच्या नोटेवर लिपी देणारा सेजोंग राजा, आणि 2009 मध्ये आलेल्या पन्नास हजारच्या नोटेवर शिन साइमदांग या चित्रकार आणि कवयित्री, ज्या ई ई यांच्या मातोश्री होत. आईचे मोल मुलाच्या दहापट धरणाऱ्या या चलनाविषयी मला मनापासून आदर आहे.

कार्ड आल्यानंतरही माझ्यापुढे एक पेच उरणार आहे, आणि तो माझ्या नावाचा आहे. कोरियन माणसाचे नाव बहुधा तीन अक्षरांत आटोपते आणि इथले अर्ज, रकाने, संगणकावरच्या चौकटी त्या मापाने आखलेल्या असतात. माझ्या पासपोर्टावर आडनाव, माझे नाव आणि वडिलांचे नाव असा महाराष्ट्रीय ऐवज रोमन लिपीत ऐसपैस पसरलेला आहे. हे नाव सगळीकडे, मधल्या मोकळ्या जागेसकट, तंतोतंत जुळले नाही तर यंत्र ते दुसऱ्याच कोणाचे समजते. वर्गाच्या हजेरीपटात तर जागाच पुरली नाही आणि वडिलांचे नाव अर्ध्यावर तुटले. पहिल्या तासाला प्राध्यापकांनी आडनावापासून सुरुवात करून सगळे एका दमात वाचले, तुटलेल्या टोकाशी येऊन ते थांबले आणि यापुढे आणखी काही आहे का असे त्यांनी नम्रपणे विचारले. आहे, असे मी सांगितले, पण ते ऐकायची त्यांची तयारी दिसली नाही.

त्या रात्री मी घरी फोन केला. इथले साडेअकरा म्हणजे तिकडचे आठ. पाने वाढायची वेळ. निम्मे नावच कोरियात दाखल झाल्याचे ऐकून आईला हसू आवरेना. बाबांनी शांतपणे घास संपवला आणि म्हणाले, “बरोबर आहे ना गं, उरलेला अर्धा इकडे लागतोच, तुझी फी भरायला.”