बंड्याची शिट्टी

आज बंड्याने शिट्टी वाजवली आणि माझे मन उगीचच खट्टू झाले, कारण ती शिट्टी माझ्यासाठी नव्हती. मावशी पाल्याची पिशवी घेऊन दाराशी आल्या आणि पिशवीची सळसळ ऐकताच हा गिनी पिग जाळीला नाक लावून असा काही ओरडू लागला, की फळ्यावरचे गणित तसेच राहिले.

'हा' म्हणण्याची सवय अजून सुटत नाही. बंड्या ही मादी आहे आणि वर्गात आली तेव्हाच ती गाभण होती, हे तिने दोन पिल्ले देऊनच आम्हाला कळवले. पिल्लांचे डोळे उघडे, अंगावर पुरते केस, तोंडात दात. "बाळं अशी नसतात," अशी हरकत पहिल्या बाकावरून आली, तेव्हा उंदरीण जेमतेम 3 आठवड्यांत विते आणि गिनी पिगला 2 महिन्यांहून अधिक लागतात, म्हणून ही पिल्ले तयार होऊनच येतात, हे मी समजावले. "यांचे बाबा कुठे आहेत?" हा प्रश्न ज्याने विचारला, त्याच्याकडे पाहून मात्र मला काही बोलवले नाही. तो विषय आज नको.

ती स्वतःचीच मऊ लेंडी खाते, हे पाहून वर्गाने नाके मुरडली, तेव्हा पचनातून निसटलेली जीवनसत्त्वे ती अशी परत मिळवते, अशी तिची वकिली मीच केली. तिच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ताजा पाला हवा, हा कागदही भिंतीवर मीच लावला. मावशी तो कागद पाळतात, आणि शिट्टी त्यांना मिळते!

हे प्राणी आपापसांत अशी शिट्टी सहसा वाजवत नाहीत, ती खाऊ आणणाऱ्या माणसासाठीच असते, म्हणजे मान मावशींचा नसून पिशवीचा आहे, अशी समजूत मी दुपारभर घालून पाहिली. ती पटली, पण पुरली नाही. मी जवळ गेले की बंड्या गप्प होते, आणि तो शांतपणा मी आजवर विश्वासाचा मानत आले. गिनी पिग घाबरला की जागीच थिजतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी शिरताच वर्गही गप्प होतो. त्याचा अर्थ आता नव्याने लावत बसण्याची माझी तयारी नाही.

शेवटी तिला उचलून वजन करणारी, नखे कापणारी आणि पिल्लांना उलटे धरून नर की मादी ते पाहणारी मीच आहे. अशा बाईंना कोण शिट्टी वाजवील? त्यांतला एक नर निघाला आहे आणि हे नर फार लवकर वयात येत असल्यामुळे 3 आठवड्यांचा होताच त्याला आईपासून वेगळे ठेवावे लागेल. ते काम आपण करणार नाही, हे मावशींनी आजच स्वच्छ सांगून टाकले आहे.