मिसिसिपीच्या धारेवर आप्पांचा गळ

पहाटे साडेचारला मी खाली आले, तर आप्पा आधीच तयार होऊन बसले होते. दोन स्वेटर, त्यावर जावयाचं जाड जॅकेट, कानाला मफलर. चहाही त्यांनीच टाकला होता. "लवकर आवर," म्हणाले, "उजाडायच्या आत पाण्यावर पायजे."

आप्पा म्हणजे माझे वडील. वय ७२. सांगली जिल्ह्यात भिलवडीजवळ कृष्णाकाठी आमचं घर. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर गळ टाकला. माझ्या लहानपणीचा रविवार म्हणजे बांबूची काठी, डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं आणि दुपारी घरभर पसरलेला कालवणाचा वास. पण गेली पंधराएक वर्षं त्यांनी गळाला हात लावलेला नाही. मळीचं पाणी नदीत उतरलं की मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागतात, आणि ते दृश्य त्यांना बघवत नाही. काठी अजून माळ्यावर आहे.

एप्रिलमध्ये आई-आप्पा आमच्याकडे अमेरिकेत, मिनेसोटात आले, तेव्हाच मी ठरवलं होतं की त्यांना एकदा नदीवर न्यायचं. इकडे वॉलाय या माशाचं केवढं कौतुक! १९६५ पासून तो या राज्याचा अधिकृत मासा आहे. राज्यातल्या तळ्यांवर वॉलायचा हंगाम मे महिन्यात उघडतो, पण मिसिसिपी जिथे मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या सीमेवरून वाहते तिथे तो वर्षभर धरता येतो. आणि एप्रिल म्हणजे अंडी घालायचा काळ, मासा धरणाच्या दिशेनं वर सरकलेला. म्हणून रेड विंग या नदीकाठच्या गावातल्या एका गाईडची बोट दिवसभरासाठी ठरवली. आप्पांसाठी चोवीस तासांचं परवानापत्र ऑनलाइन काढलं. सीमेच्या पाण्यावर दोन्हींपैकी कुठल्याही राज्याचं चालतं.

आमच्या घरापासून रेड विंग तासाभरावर. गावाच्या डोक्यावर एक मोठा सुळका उभा आहे, इंग्रजीत बार्न ब्लफ. इथल्या मूळच्या डकोटा लोकांचं त्याचं नाव जुनं आहे, हे म्नी चान, म्हणजे डोंगर, पाणी, रान. आप्पांना हे सांगितलं तर त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. त्यांना ते फार आवडलं.

कोल्विल पार्कच्या धक्क्यावर गाईड आमची वाट बघत होते. साठीच्या आसपासचे, उंच, मोजकं बोलणारे. किनाऱ्यावरच्या झाडांत गरुड बसलेले, पांढऱ्या डोक्याचे बॉल्ड ईगल, मी मोजले तेव्हा अकरा होते. गाईडनी आमच्या डब्यांकडे नजर टाकली आणि जरा संकोचून विचारलं, केळी आहेत का? आईनं दिली होती चार. इथल्या मासेमारांत केळं बोटीवर नेणं अपशकुनी मानतात. आप्पांना कारण सांगितल्यावर ते स्वतःच ती केळी गाडीत ठेवून आले. "ज्याच्या बोटीत बसायचं त्याचा नेम पाळावा," म्हणाले.

लाइफ जॅकेट बांधून झालं आणि आम्ही वर निघालो, तीन नंबरच्या लॉक अँड डॅमकडे, म्हणजे बोटी वर-खाली न्यायला लॉक, पाण्याचा बंदिस्त हौद, असलेल्या बांधाकडे. १९३८ साली पूर्ण झालेला हा बांध. इथून खाली आल्मा गावापर्यंतच्या ४४ मैलांच्या पाण्याला पूल फोर म्हणतात, आणि त्यातच लेक पेपिन हा नदीचा रुंद झालेला फुगवटा येतो. नदी भरून आलेली, चहाच्या रंगाची. मधूनच अख्खं झाड मुळांसकट वाहत यायचं. गाईड उभं राहून बोट चालवत होते आणि नजर सतत पाण्यावर. पाण्याचं तापमान ४४ फॅरनहाइट, म्हणजे सातएक सेल्सिअस. त्यात माणूस पडला तर पहिल्या मिनिटाला श्वासच सापडत नाही, हे त्यांनी निघतानाच नीट समजावलं होतं.

बांधाच्या खाली जवळ जायला मनाई आहे, तशा पाट्याच लावल्यात. त्याच्या बऱ्याच अलीकडे, सोळा फूट पाण्यात, त्यांनी इंजिन बंद केलं आणि पुढची छोटी विजेची मोटर पाण्यात सोडली. इथली पद्धत मला आधी कळलीच नव्हती. बोट नांगरायची नाही. धारेबरोबर तिला खाली सरकू द्यायची, पण मोटरनं असं धरून की बोट आणि दोरा एकाच वेगानं चालतील. मग दोरा खाली सरळ उभा राहतो, ओळंब्यासारखा. टोकाला जिग, म्हणजे शिशाची गोळी ओतलेला गळ. आमचे नारिंगी आणि पोपटी होते, तीन अष्टमांश औंसाचे. त्याला मिनो, बोटभर लांबीची जिवंत मासळी, तोंडातून ओवून डोक्यातून गळ बाहेर काढायचा. जिग तळाला टेकवायचा, चार बोटं उचलायचा, परत अलगद टेकवायचा. पडू द्यायचा नाही, हातानं उतरवायचा.

आप्पांनी ते एकदा पाहिलं आणि लगेच जमवलं. जमलं नाही ते पुढचं.

कृष्णेत ते मोरपिसाच्या दांडीचा तुकडा तरंगता ठेवत. तो हलला की थांबायचं, मासा आमिष घेऊन चालायला लागला की मगच झटका. वॉलाय तेवढी उसंत देत नाही. जिग खाली उतरत असतानाच तो तोंडात घेतो, हाताला फक्त एक टक् लागतं आणि जड वाटलं की लगेच थुंकून टाकतो. आप्पांना टक् कळायचं, पण पन्नास वर्षांचा हात थांबायचा. एक गेला, दुसरा गेला. चौथ्यांदा नुसता रिकामा गळ वर आला, मिनोचं डोकं तेवढं राहिलेलं. मी तोवर दोन काढले होते आणि मला फार अवघड वाटत होतं.

गाईड मागून पुढे आले. काही बोलले नाहीत. आप्पांचा हातमोजा काढला, दोरा त्यांच्या तर्जनीवरून घेतला आणि स्वतःच्या नखानं त्या दोऱ्यावर हलकेच मारलं. टक्. आणि काठी वर. परत टक्. काठी वर. असं सातआठ वेळा. आप्पा मान हलवत होते. शाळेत पोराचा हात धरून ते अक्षर गिरवायला लावायचे ना, अगदी तसं चाललं होतं.

पाचवा मासा गेला नाही. काठी वाकली, आप्पांच्या तोंडून "हाऽऽ" असा आवाज आला, आणि गाईडनी जाळं खाली घातलं.

मी वॉलाय इतक्या जवळून पहिल्यांदाच नीट पाहिला. अंग सोनेरी, पाठीला शेवाळी छटा. पाठीवरचा पुढचा पर काट्यांचा, बेसावध हात घातला तर रक्त काढणारा. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, चुन्याचं बोट लावल्यासारखा. त्याचाच भाऊ सॉगर, त्याला हा पांढरा ठिपका नसतो आणि पाठीच्या परावर काळे ठिपके असतात. पण बघावं ते डोळे. मोठे, दुधी काचेचे. डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदा असतो, मांजराला असतो तसा, म्हणून गढूळ पाण्यात आणि संधिप्रकाशात इतर माशांना दिसत नाही ते याला दिसतं. आप्पांनी मासा उन्हाकडे धरला आणि डोळा चमकला. "आपल्याकडं कुणाला असा डोळा न्हाई," एवढंच म्हणाले. हा नर होता, सतरा इंच. पंधराच्या खालचा ठेवता येत नाही. वॉलाय आणि सॉगर मिळून माणशी चार, आणि वीस इंचांवरचा वॉलाय एकच. हा ठेवला.

दहाच्या सुमाराला टोबोट, म्हणजे मालाचे तराफे ढकलणारी बोट, आली. पंधरा तराफे, तीन ओळींत पाच-पाच, पुढे ढकलत. इथला लॉक सहाशे फुटांचा, त्यात हा सगळा ताफा एकदम मावत नाही, अर्धा-अर्धा करून वर चढवावा लागतो. आम्ही काठाला सरकून बराच वेळ थांबलो. त्या वेळात गप्पा झाल्या आणि माझ्या मते त्या दिवसातला तो मोलाचा भाग.

आप्पांनी मला विचारायला सांगितलं की हे मासे खातात का लोक. वर एवढी दोन मोठी शहरं, मिनियापोलिस आणि सेंट पॉल, त्यांचं पाणी इकडेच येत असणार. गाईड म्हणाले, माझे आजोबा या पाण्यातलं काही खात नसत. तेव्हा दोन्ही शहरांचं सांडपाणी, कत्तलखान्यांची घाण, सगळं तसंच नदीत. १९३८ मध्ये पिग्ज आय इथं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं. १९७२ मध्ये देशाचा स्वच्छ पाण्याचा कायदा आला आणि त्याच वर्षी डीडीटी या कीटकनाशकावर बंदी. पुढे ऐंशीच्या दशकात पावसाचं पाणी आणि मैलापाणी वेगळं करायला रस्ते खोदले. मेफ्लाय नावाचा किडा, ज्याचं बाळपण नदीच्या तळच्या चिखलात जातं, तो शहरांखालच्या पाण्यात दिसेनासा झाला होता, तो परत आला. गरुड परत आले. अजूनही कुठला मासा महिन्यात किती खावा याचा सल्ला राज्याचं आरोग्य खातं देतं, आणि गाईड स्वतः तो पाळतात. पण आता खातात.

मी वाक्य-वाक्य मराठीत सांगत होते. आप्पा ऐकत होते आणि टोबोटीच्या लाटा काठाला आपटत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हंजे मेलेली न्हवती. आजारी हुती."

मी ते इंग्रजीत सांगितलं. गाईडनी मान डोलावली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गावी सगळे "नदी गेली" असंच म्हणतात. मीही म्हणायचे. आप्पाही म्हणायचे.

जेवण बोटीतच. थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, वर दही. गाईडनी तीन थालीपिठं खाल्ली. आप्पांना थंडी वाजायला लागली होती, त्यांच्या पायाशी गॅसची छोटी शेगडी लावून दिली.

दुपारी खाली, कॅनन नदीच्या मुखाच्या बाजूला. या पट्ट्यात पाण्याखाली जुने दगडी बांध आहेत, विंग डॅम. एकोणिसाव्या शतकात बोटींसाठी मधली धार खोल राहावी म्हणून काठापासून आडवे घातलेले. वरून काहीच दिसत नाही, पाणी जरा उसळतं तेवढंच. त्यांत माझे दोन जिग अडकून तुटले. आप्पा मात्र जिग टाकायचं सोडून नुसते बघत बसले होते. मग म्हणाले, "त्यांना सांग, तिथं पाणी उलटं फिरतंय. फेस बघ की. जोराची धार संपती आणि संथ लागतं ती कड, तिथं बसलेला असणार."

आप्पांनी दाखवलेल्या जागी गाईडनी पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळे हसले. त्यांची पुढची जागा तीच होती. मग त्यांनी समोरचा पडदा आप्पांकडे वळवला, सोनार म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, त्यावर तळाशी आडव्या पिवळ्या रेघा. आप्पांनी पडद्याकडे बघितलं, परत पाण्याकडे बघितलं.

तिथं साडेतीनला मोठी मासोळी लागली. टक् झालं नाही, आप्पा सांगत होते, नुसतं कुणीतरी दोरा धरून ठेवल्यासारखं. वर यायलाच तयार नव्हती. रीळ करकरत दोरा देत होतं आणि गाईड एकच शब्द म्हणत होते, सावकाश. तो शब्द मी भाषांतर करून सांगायच्या आधीच आप्पा म्हणायला लागले, "सावकाश, बाई, सावकाश." माशाला म्हणत होते.

सत्तावीस इंच. पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं, गाभोळीनं भरलेली मादी. एवढ्या मोठ्या मादीत लाखावर अंडी असतात. रात्री ती काठाच्या गारगोट्यांवर नाहीतर पुरानं बुडालेल्या गवतावर सोडते. गाईड म्हणाले, कायद्यानं एक ठेवता येईल, ठरवा तुम्ही. मी आप्पांना सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. हात ओले केले, एक पोटाखाली, एक शेपटीजवळ, आणि तिला बोटीच्या कडेला पाण्यात धरलं. कल्ले उघडत-मिटत होते. सात डिग्रीच्या पाण्यात उघडे हात, मी काळजीनं म्हटलं, "आप्पा, पुरे आता, हात गारठतील." त्यांनी ऐकलं नाही. तिनंच शेपटी मारली आणि त्या चहाच्या पाण्यात गेली. आप्पांची बाही कोपरापर्यंत भिजलेली.

पाचला धक्क्यावर. सहा मासे, चार वॉलाय आणि दोन सॉगर. धक्क्यावर इतर बोटींचे लोकही मासे घेऊन उतरत होते. गाईडनी सांगितलं की इथं घरी गेल्यावर लोक दोन्ही बाजूंचं मांस सोलून घेतात आणि डोकी, सांगाडे फेकून देतात. आप्पांनी लगेच आमचे मासे ठेवलेल्या बर्फाच्या पेटीवर हात ठेवला. "डोकी टाकायची?" मला म्हणाले. गाईडना मी सांगितलं की आमच्याकडे अर्धी चव डोक्यात असते. ते म्हणाले, गालाचा तुकडा तेवढा इथंही जाणकार काढून घेतात.

घरी आईनं विळी काढून ठेवली होती. आप्पांनी वर्तमानपत्र पसरून मासे साफ केले, खवले स्वयंपाकघरभर उडाले. चुलीवर भाजलेलं खोबरं नव्हतं, ओव्हनमध्ये भाजलं. कांदा-लसूण मसाला सांगलीचाच. तुकड्या तळल्या आणि डोक्यांचं कालवण केलं.

पहिला घास घेऊन आई म्हणाली, "काटा लई कमी हाय. मरळीची चव न्हाई, पण गोड हाय." आप्पा डोकं चोखत होते, त्यांनी उत्तर दिलं नाही. रात्री भांडं झाकून ठेवताना त्यांनीच विचारलं, कालवण उरलंय ना? सकाळी शिळं भाकरीबरोबर खाणार होते.