फुकट नव्हतं, उधार होतं

मुंबईच्या गिरणगावाचा, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीचा विषय निघाला आणि मी लालबागच्या चाळीत वाढले हे कुणाला कळलं, की एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्या आजींची खानावळ होती ना? गिरण्यांच्या संपात त्या कामगारांना फुकट जेवू घालायच्या म्हणे. खरं का हो?" गेल्या वर्षी आजी गेली, 93 वर्षांची होऊन. तेव्हापासून तर भेटायला येणारे बहुतेक जण हेच विचारतात. विचारताना त्यांच्या डोळ्यांत माया असते, म्हणून मला तुटकपणे 'नाही' म्हणवत नाही. पण उत्तर 'नाही' हेच आहे. आजीने कुणालाही फुकट जेवू घातलं नाही. एक ताटसुद्धा नाही. प्रत्येक ताटाची रेघ वहीत आहे आणि ती वही माझ्या कपाटात आहे.

लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, किराणावाल्याकडे असते तशी चोपडी. प्रत्येक माणसाला एक पान. वर नाव आणि गाव लिहिलंय बाबांनी, सुरुवातीच्या पानांवर अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या गोल अक्षरात. खालच्या रेघा मात्र आजीच्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. एका जेवणाला एक उभी रेघ, खाड्याला गोल. तेलकट बोटांचे डाग इतके मुरलेत की काही पानांतून पलीकडच्या पानावरच्या रेघा दिसतात. पैसे चुकते झाले की पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ.

आजी साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा सोळा वर्षांची होती. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. 1962 साली ते अचानक गेले. पदरात बाबा आणि धाकटी आत्या. गावी परतायचं तर जमीन दीरांच्या हातात. ती राहिली. आजोबांच्याच गाळ्यातली, पाटणकडचीच सहा माणसं पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला लागली. गाळा म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली. ट्रंका भिंतीला लावायच्या आणि पाळीप्रमाणे झोपायचं, एक उठला की त्याच जागेवर दुसरा. बायकामुलं गावाला. त्यामुळे दोन वेळचं जेवण खानावळीतच. सहाचे पुढे बावीस झाले.

दहा बाय बाराच्या खोलीत बावीस माणसं एकदम बसत नाहीत, हे सांगायला नको. सकाळी सातच्या पाळीचे आधी, रात्रपाळीवरून सुटलेले त्यांच्यामागून. पहाटे चारला स्टो पेटायचा. माझी झोप त्या भरभर आवाजाने आणि काटवटीत भाकरी थापल्याच्या आवाजाने चाळवायची. आजीच्या उजव्या तळव्याच्या कडेला घट्टा होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. रात्री बाराला सुटणाऱ्यांचं जेवण ती झाकून ठेवायची, पण भाकरी मात्र त्यांच्या पायाचा आवाज जिन्यावर आल्याशिवाय तव्यावर टाकायची नाही. "राबून आलेल्या माणसाला गार भाकरी वाढायची न्हाई," एवढंच तिचं म्हणणं.

आणि नियम कडक होते. गावाला जाणार असाल तर आदल्या रात्री सांगायचं, तरच खाडा. न सांगता गेलात तर रेघ ओढली जाणार आणि पैसे लागणार. यावरून भांडणं व्हायची. ती जिंकायची.

पैशांचा हा चोखपणा सुबत्तेतून आला नव्हता. माणसांचा पगार महिन्यातून एकदा, किराणा रोज. मधल्या दिवसांत सावकार. गिरणगावातल्या बहुतेक खानावळवाल्या त्या व्याजात बुडालेल्या असायच्या. 1975 साली कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांना एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज त्यांच्या दारात आणलं. गहाण ठेवायला काही नसलेल्या बायका एकमेकींना जामीन राहायच्या. आजी त्यांच्यात होती. बँकेत अंगठा उठवायचा नाही म्हणून तिने बाबांकडून सही गिरवून घेतली. वहीच्या शेवटच्या पानावर तिचं नाव पंधरा-वीसदा आहे, आधीची अक्षरं वाकडीतिकडी, शेवटची सरळ. चाळीतल्या पाच-सहा जणींना तिने मंडळात नेलं. त्यांतली कुणी हप्ता चुकवते आहे अशी कुणकुण लागली की आजी तिच्या दारात जाऊन बसायची.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, साठच्या वर गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळे धरून चालले होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भोंगे बंद झाले. मी सात वर्षांची होते. चाळीतल्या पुरुषमाणसांना दिवसाढवळ्या कठड्याला टेकून उभं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ज्यांची गावी शेती होती ते हळूहळू निघून गेले. राहिले ते बदली कामगार, म्हणजे कायम कामगाराच्या खाड्यावर काम मिळणारे, आणि ज्यांचं गावी काहीच नव्हतं असे. तिसऱ्या महिन्यात त्यांतल्या एकाने जेवायला येणं सोडलं. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी आजी उठली, मला बरोबर घेतलं आणि गाळ्यावर गेली. डबा घेऊन नाही. वही घेऊन. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आजी दारातच उभी राहिली आणि आवाज चढवून म्हणाली, "चार येळा झाल्या. रेघा वडू का गोल काढू? सांगितल्याबिगर मी खाडा धरत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

तो उठून बसला. म्हणाला, "मावशी, पैसं न्हाईत."

"पैसं इचारलं का मी? रेघ इचारली."

तो आला. मान खाली घालून पाटावर बसला, पण पहिल्या भाकरीनंतर त्याने आमटी मागून घेतली. मागून घेतली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फुकट खाणारा माणूस मागून घेत नाही. तो देणेकरी होता, आणि देणेकऱ्याला आमटी पातळ आहे असं म्हणायचाही हक्क असतो. पुढे तो तसं म्हणायचाही.

म्हणूनच तिला कुणी 'दानशूर' म्हटलं की मला आतून दुखतं. तिने त्या माणसांना दान घेऊ दिलं नाही.

हे सगळं कुठून निभावलं? पाटल्या गेल्या. किराणावाल्याने उधार बंद केल्यावर डाळीतलं पाणी वाढलं. गावाहून आलेल्या कुणी एसटीच्या टपावरून तांदळाचं पोतं आणलं, त्याचाही हिशेब करून तेवढ्या रेघा तिने कमी धरल्या. आणि आत्याचं लग्न दोन वर्षं लांबलं. आत्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण संपाच्या गोष्टी निघाल्या की ती अजूनही उठून आत जाते. तो हिशेब त्या वहीत नाही.

संपानंतर काही जण परत आले आणि त्यांनी पैसे फेडले, कुणी पाच वर्षांनी, कुणी गुळाच्या ढेपेने, कुणी भुईमुगाच्या शेंगांनी. आजी घ्यायची. "राहू द्या हो" असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पानावर तिरकी रेघ ओढायची आणि मगच चहा टाकायची. पुढे चाळ पाडली, टॉवर झाला, आम्ही सतराव्या मजल्यावर गेलो. तिथल्या रखवालदाराला ती पहिल्याच दिवशी विचारून आली, "पाळी कुठली तुझी?"

तिच्या दहाव्याला पाटणहून एक तरुण आला. आमच्या कुणाच्या ओळखीचा नव्हता. त्याने स्वतःच्या आजोबांचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "त्यांचं पान बघायचंय." मी वही काढली. त्याने बोट ठेवून एकेक रेघ मोजली, मध्ये चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग म्हणाला, "किती होतात?"

बाबा म्हणाले, "अरे, आता कसले पैसे?"

तो काही बोलला नाही, पण त्याचं तोंड उतरलं. मला ते दिसलं. मी बाबांना म्हटलं, "बाबा, आजीने घेतले असते." बाबा बराच वेळ गप्प होते. मग चष्मा लावून त्यांनी त्या वेळच्या दराने हिशेब केला, पैसे मोजून घेतले, आणि त्या पानावर तिरकी रेघ ओढली. मग आईने त्याला ताट वाढलं.

वहीत अजून अकरा पानांवर तिरकी रेघ नाही.