काळी वायर न्यूट्रल नाही, भाऊ!

काळी म्हणजे न्यूट्रल, हे आपल्या गावातलं शाळकरी पोरगंही सांगेल. इथं अमेरिकेत काळी फेज आणि पांढरी न्यूट्रल. त्यातही भिंतीच्या तळाशी बसणाऱ्या बेसबोर्ड हीटरच्या २४० व्होल्ट सर्किटवर पांढरीसुद्धा फेजच! न्यूट्रल लागतच नाही. दोन्ही तारांवर जमिनीच्या मानानं १२०-१२० व्होल्ट, म्हणजे टेस्टर दोन्हीकडं पेटतो. म्हणून पांढरीच्या दोन्ही टोकांना काळी किंवा लाल टेप गुंडाळायची आणि ब्रेकर डबल पोलच, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा, घ्यायचा. एकच तार तोडली तर हीटर थंड पडतो, आतली दुसरी तार मात्र जिवंतच असते.

तारेचा हिशेब मोटर रिवाइंडिंगवाल्याला लगेच उमगेल : गेजचा आकडा वाढला की तार बारीक. तांब्याची १४ गेज (साधारण २.१ चौरस मिमी) १५ अँपिअरच्या ब्रेकरला, १२ गेज (३.३) २० ला, १० गेज (५.३) ३० ला.

आता खरी गोम. हीटरच्या लांबीच्या दर फुटाला साधारण २५० वॅट धरून खोल्यांचे हीटर मिळून ४००० वॅट झाले. २४० नं भागा, १६.७ अँपिअर. २० चा ब्रेकर पुरेल वाटतं ना? नाही पुरत. इथला नियम हीटरला सलग चालणारा लोड धरतो, सव्वापट करायला लावतो : २०.८. मग १० गेज आणि ३० चा ब्रेकर, नाहीतर दोन सर्किटं. उलट मोजलं तर १५ अँपिअरवर २८८० वॅट, २० वर ३८४०, ३० वर ५७६०. कडाक्याच्या थंडीत हीटर रात्रभर बंद होत नाही. काठावरचा ब्रेकर तापून पडतो. मग कोणीतरी शहाणा तार १२ गेजचीच ठेवून ब्रेकर ३० चा टाकतो. आता फ्यूज कोण? भिंतीतली तार.

किटकॅट फ्यूजमध्ये दुहेरी तार पिळणाऱ्या आपण यावर हसू नये. पण आपल्याला हिणवायचंही काही कारण नाही. लाईन आली की विहिरीवरची मोटर तासन्‌तास सलग चालते. केबलला हात लावून ‘जाड टाका’ म्हणणारा आपला वायरमन सव्वापटीचा नियम न वाचताच पाळतो. शिवाय आपल्या भिंती विटांच्या, इथल्या बहुतेक लाकडी सांगाड्याच्या. शिस्त त्यातूनच आली, असं मला तरी वाटतं.

२४० चा हीटर १२० वर जोडला तर पाव उष्णता देतो आणि लोक हीटरलाच शिव्या घालतात. १२० चा २४० वर जोडला तर चौपट वॅट खेचून जळतो. एका थर्मोस्टॅटवर (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच) हीटर वाढवताना थर्मोस्टॅटवरची अँपिअरची मर्यादाही वाचावी. हीटरच्या वर सॉकेट नको, लोंबणारी वायर तापते.

पीळ देऊन टेप मारलेला जोड इथं नापास. प्रत्येक जोड डब्यात हवा, आणि भिंत बंद करण्याआधी इन्स्पेक्टर तो बघून जातो. मुख्य ब्रेकर पाडला तरी मीटरकडून पॅनलमध्ये येणाऱ्या जाड तारा चालूच राहतात. तिथं हात घालायचा नाही.