चिडला असता तर बरं झालं असतं

रविवार, रात्र

पोरगा चिडला नाही.

दुपारी त्याला रॉकेट उडवल्याचा व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "अरे वा आई, भारी!" म्हणाला. आणि त्याच दमात, "मेसवाल्याचे पैसे राहिलेत, बाबांना सांग ना." संपलं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

त्याचं रॉकेट होतं ते. न विचारता मी डबा उघडला, न विचारता पूर्ण केलं, न विचारता उडवलं. मी तर फोनवर काय काय बोलायचं याची तयारी करून ठेवली होती. "तूच टाकून गेलास," "धूळ खात होतं," वगैरे. सगळी उत्तरं तशीच राहिली.

भावजींनी ह्यूस्टनहून आणलेला तो डबा. रॉकेटची पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं टोक, बाल्साच्या हलक्या लाकडाचे चार पंख, नारंगी छत्री म्हणजे पॅराशूट, सगळं होतं. नव्हतं ते फक्त इंजिन. ही इंजिनं विमानात नेऊच देत नाहीत, ना बॅगेत, ना हातात. बोटाएवढी पुठ्ठ्याची नळी आणि आत ठासलेली काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. डब्यावर लिहिलं होतं, बी6-4 घाला. पोरानेच मला तेव्हा समजावून सांगितलं होतं: बी म्हणजे एकूण जोर किती, आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला तो दुप्पट होतो, 6 म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये, आणि 4 म्हणजे जोर संपल्यावर चार सेकंदांनी आतला छोटा बार फुटतो आणि छत्री बाहेर फेकतो. म्हणजे वर नेणारं तेच आणि सुखरूप खाली आणणारंही तेच. ते नाही म्हटल्यावर काहीच नाही. त्याने एक पंख चिकटवला, डबा कपाटावर ठेवला. मग क्लास, मग जेईई, मग पुणे.

गंमत म्हणजे देशभरातल्या स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या पेसोचं मुख्यालय इथेच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर. शहराबाहेर स्फोटकांचे कारखाने. आणि आमच्या घरी बोटाएवढ्या दारूवाचून रॉकेट कपाटावर.

तर संक्रांतीच्या आवरासावरीत तो डबा हाती लागला. लाडू वळायचे सोडून मी बाल्साला पॉलिश पेपर मारत बसले. ह्यांनी एकदा डोकावून पाहिलं आणि काही न बोलता गेले. ह्यांचं हे न बोलणं म्हणजे... जाऊ दे.

पंख सरळ बसायला नळीवर सरळ रेघ हवी, आणि गोल नळीवर पट्टी ठरत नाही. मग कळलं की दाराच्या चौकटीच्या खाचेत नळी आडवी दाबून धरायची आणि तिच्या कडेने पेन्सिल ओढायची. सुरेख रेघ येते. फेविकॉल एकदा लावायचं, थोडं सुकू द्यायचं, परत लावायचं, मग पंख टेकवायचा आणि हात न हलवता धरून बसायचं. नंतर सांध्यात बोटाने फेविकॉलची बारीक कड ओढायची, दोन्ही बाजूंनी. माझे तीन पंख असे बसले की कुणी नाव ठेवून दाखवावं. त्याचा एक पंख किंचित तिरपा आहे. काढून नीट बसवता आला असता. नाही काढला.

मग काकांना विचारलं. शेजारचे काका अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. आयुष्य गेलं ते 214 मिलिमीटरच्या पिनाका या लष्करी रॉकेटच्या गावात, आणि माझ्या हातात ही पंचवीस मिलिमीटरची नळी. त्यांनी ती डोळ्यासमोर धरून फिरवली, तिरप्या पंखापाशी थांबले आणि म्हणाले, "हे कोनं लावलं?" मी काही बोलले नाही. त्यांना समजलं असावं. पुढे विषय काढला नाही त्यांनी.

इंजिनाला पर्याय त्यांनीच काढला. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिला नळीचा तुकडा, पुढे अर्धा इंची पाईप उभा. पाईपवर टेपचे वेढे घालून रॉकेट त्यावर सैलसर बसेल इतपत जाड करायचा आणि बाटलीवर धाडकन पाय द्यायचा. पंपाने हवा भरून जास्त वर जाईल ना, असं मी म्हटलं, तर एकदम फॅक्टरीतले झाले. "पीव्हीसीत हवा कोंडायची नाही. फुटला तर तुकडे डोळ्यात जाते. पायानं जेवढं जाईल तेवढं जाईल." इंजिन बसवायची आतली नळी घातलीच नाही, टोक टेपने पक्कं केलं. छत्री ड्रॉवरमध्ये ठेवली. आतून बारच फुटणार नाही तर ती उघडणार कशी?

उडवण्याआधी गच्चीवर दोरीची परीक्षा. रॉकेट जिथे तोलून राहतं तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढे राहिलं तर सरळ उडेल. शेपूट पुढे आली किंवा ते गटांगळ्या खायला लागलं तर टोकात वजन भरायचं. माझं पहिल्या फेरीतच टोक पुढे करून फिरलं. इंजिन नसल्याने मागचा भार कमी, त्याचा फायदा. समोरच्या गच्चीवर पोरं पतंग उडवत होती. "ओ काट" थांबवून माझ्याकडे बघत राहिली. समोरच्या काकूंनी वाळवणावरून विचारलं, "काय झालं वो?" पन्नाशीची बाई दोरीला पुठ्ठा बांधून फिरवते आहे, काय झालं ते मी तरी काय सांगणार?

आज सकाळी हुडकेश्वरकडच्या रिकाम्या ले-आउटमध्ये गेलो. काकांनी पाईप धरायला नकार दिला, विटांमध्ये रोवला, मला तोंड बाजूला करायला लावलं आणि उलटे आकडे मोजले. मी साडी सावरून बाटलीवर उडी मारली. फट्! गेलं. डब्यावर हजार फुटांच्या गोष्टी होत्या, आमचं तिथल्या अर्धवट बांधलेल्या घराच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं असेल. पण सरळ गेलं, आणि जाताना स्वतःभोवती फिरत गेलं. काका ओरडले, "पाय पाय, फिरून राह्यलं!" तो तिरपा पंख. तोच फिरवत होता. वर जाऊन जरा रेंगाळलं, कलंडलं, आणि टोक खाली करून तणात घुसलं. काही मोडलं नाही.

व्हिडिओत ते फिरणं साफ दिसतं. मला वाटलं होतं, ते पाहून तरी तो म्हणेल, आई, माझा पंख. नाही म्हणाला.

लहान होता तेव्हा याच्या पतंगाच्या चक्रीला कुणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचा. एकदा मावसभावाने मांजा गुंडाळून दिला, चांगला नीट गुंडाळून दिला, तर जेवला नव्हता. त्या रडण्याने मी तेव्हा वैतागायचे. आज वाटतं, तो चिडला नाही म्हणजे त्याला वाटलंच नाही की माझं काही घेतलं. म्हणजे त्या खोलीत त्याचं असं... गादी, जुनी पुस्तकं, ती बॅट. पुढे लिहीत नाही.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांनी वरणात लिंबू पिळता पिळता विचारलं, "तू रॉकेट उडवायला गेली होतीस की त्याला चिडवायला?"

आता यावर काय बोलावं माणसाने? दोन्हीला गेले होते. निम्मं निम्मं. पण बाटलीवर उडी मारताना त्याची आठवण नव्हती, हेही खरं आहे, आणि हे ह्यांना सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला फक्त ते वर जायला हवं होतं. घरी येताना काका दुसऱ्या बाटलीचं, जाड पाईपचं बोलत होते, आणि मी मध्येच त्यांना तोडून विचारलं होतं की तीनच पंख लावले तर चालेल का. चालतं म्हणे.

मेसचे पैसे टाकले. त्याच्या मेसेजला अंगठाही टाकला.

आणि भावजींना लिहिलं: पुढच्या वेळी येताना अजून एक डबा आणा, जरा मोठा. या वेळी माझ्यासाठी आणा. त्यांचं लगेच उत्तर आलं, "वहिनी, तुम्ही? इंजिन मिळणार नाही हं." मी लिहिलं, माहीत आहे, बाटली मोठी बघून ठेवली आहे.