टाक्यांचा नकाशा: ‘डेटाबेस’ नावाच्या कुंपणात अडकलेली डीबीएफ

मंडळी, गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा नकाशा बरा पुढे सरकलाय. नाशिककडची बाजू जवळपास पुरी झाली, जुन्नर ते हरिश्चंद्रगड पट्टा चालू आहे, आणि कोकणात उतरणारे गड पाऊस ओसरल्याशिवाय हाती घ्यायचे नाहीत असं ठरलंय. पण या खेपेचं सगळं काम टेबलावरचंच होतं. टाक्यांची माहिती ज्या तक्त्यात भरतो, त्या तक्त्यानेच मध्ये घोळ घातला होता. तुमच्यापैकी बरेच जण एक्सेलमध्ये डीबीएफ (माहितीच्या तक्त्याची फाइल) उघडून माहिती भरता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नव्यांसाठी थोडक्यात. आपण ज्याला एक शेपफाइल (संगणकावरच्या नकाशाचं एक स्वरूप) म्हणतो, त्या निदान तीन फायली असतात. एसएचपीमध्ये बिंदू, एसएचएक्समध्ये त्या बिंदूंची सूची आणि डीबीएफमध्ये माहितीचा तक्ता: गडाचं नाव, टाक्याची जागा, पाणी पिण्याजोगं आहे का, कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं. बिंदू आणि ओळ यांना जोडणारा क्रमांक वगैरे काही नसतो. सातवा बिंदू म्हणजे तक्त्यातली सातवी ओळ, इतकंच नातं. म्हणून डीबीएफ स्प्रेडशीटमध्ये उघडून नुसतं अकारविल्हे लावलं आणि सेव्ह केलं, तरी साल्हेरचं टाकं कळसूबाईवर जाऊन बसतं. कुठलाही प्रोग्राम याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आता मुख्य भानगड. आपल्या गटातल्या एका दादांकडे अजून एक्सेल २००३ आहे आणि ते त्यांनी जपून ठेवलंय. कारण रास्त आहे. एक्सेल २००७ पासून डीबीएफ उघडता येते, पण डीबीएफ म्हणून सेव्ह करायची सोयच काढून टाकली. दादांनी तक्त्याच्या उजवीकडे ‘पाणी कोणत्या महिन्यापर्यंत’ हा कॉलम जोडला, खाली काही नव्या ओळी भरल्या आणि फाइल पाठवली. माझ्याकडे उघडली तर कॉलमही नाही आणि नव्या ओळीही नाहीत! दादा म्हणाले, “अरे, मी डोळ्यांनी बघून सेव्ह केलंय.” ते खरंच होतं.

एक्सेल डीबीएफ उघडतं तेव्हा आलेल्या तक्त्याला गुपचूप एक नेम्ड रेंज (नाव दिलेला सेलचा पट्टा) देतं आणि तिचं नाव असतं ‘डेटाबेस’. पहिल्या सेलपासून शेवटच्या ओळीच्या शेवटच्या सेलपर्यंत घातलेलं हे कुंपणच समजा. परत डीबीएफमध्ये सेव्ह करताना जुनं एक्सेल या कुंपणाच्या आतलं तेवढं लिहितं आणि बाहेरचं सोडून देतं. चूक झाल्याचा संदेश येत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते.

उपाय दोन. पहिला असा की कंट्रोल-एफ३ दाबायचं, यादीत ‘डेटाबेस’ निवडायचं आणि खालच्या चौकटीतला पत्ता नव्या कॉलमपर्यंत आणि नव्या शेवटच्या ओळीपर्यंत वाढवायचा. दुसरा त्याहून सोपा: नवा कॉलम शेवटी लावायचाच नाही, तक्त्याच्या मधे इन्सर्ट करायचा. ओळीही तशाच. रेंजच्या पोटात काही घुसवलं की रेंज आपोआप फुगते. मात्र शेपफाइलची डीबीएफ असेल तर मधे ओळी घालायच्या नाहीत, बिंदूंचा क्रम सरकतो. किंबहुना नवा बिंदू नकाशात काढल्याशिवाय तिथे नवी ओळ घालूच नये. दादांची फाइल नुसता तक्ता होती, म्हणून निभावलं.

जुन्या एक्सेलची आणखी एक खोड म्हणजे फील्डची (डीबीएफमधल्या कॉलमची) रुंदी ते पडद्यावर दिसणाऱ्या कॉलमच्या रुंदीवरून ठरवतं. कॉलम अरुंद ठेवून सेव्ह केलं की नावं कापली जातात. सेव्ह करण्याआधी सगळे कॉलम ऐसपैस करून घ्या.

ओळी कापल्या गेल्यात का हे तपासायची एक युक्ती आता मी प्रत्येक फाइलला लावतो. एसएचएक्स फाइलचा आकार बाइटमध्ये बघा, त्यातून १०० वजा करा आणि ८ ने भागा. समजा आकार २५९६ बाइट असेल, तर ३१२ बिंदू झाले. डीबीएफमध्ये शीर्षकाची ओळ सोडून तेवढ्याच ओळी हव्यात. कमी-जास्त निघाल्या तर पुढे जाऊ नका, आधीची प्रत शोधा.

नव्या एक्सेलवाल्यांनी हसू नये, कारण त्यांचा त्रास वेगळा आहे. नाशिक, पुणे आणि नगर अशा तीन डीबीएफ उघडून तिन्हींची शीटं एका वर्कबुकमध्ये आणायला गेलात की एक्सेल विचारतं: ‘डेटाबेस’ हे नाव इथे आधीच आहे, तेच वापरू का? तिन्ही फायलींना एकच नाव मिळालेलं असतं, त्यामुळे हा प्रश्न येणारच. घाईत आपण ‘हो’ म्हणतो. मग सोबत आलेली सूत्रं इथल्या आधीच्या ‘डेटाबेस’कडे बघू लागतात. पुण्याच्या शीटवरचं व्हीलुकअप (तक्त्यात शोधून माहिती आणणारं सूत्र) नाशिकच्या तक्त्यात सिंहगड शोधतं आणि एनए (सापडलं नाही) दाखवतं. नाशिकच्या तक्त्यात पाचच कॉलम आणि सूत्र सातवा मागत असेल, तर रेफची (नसलेल्या जागेकडे बोट दाखवल्याची) चूक येते. या दोन्ही परवडल्या, कारण निदान दिसतात. दोन्ही तक्त्यांत गडाचा क्रमांक १ पासून सुरू होत असेल, तर मात्र बेमालूम चुकीचं उत्तर येतं आणि ते नकाशावर छापलंही जातं.

म्हणून शीट हलवण्याआधीच नेम मॅनेजरमध्ये (एक्सेलच्या नावांच्या यादीत) जाऊन प्रत्येक फाइलीतल्या ‘डेटाबेस’चं नाव बदलून टाकायचं: टाकी_नाशिक, टाकी_पुणे असं, रोमन अक्षरांत. नाव बदललं की सूत्रं आपसूक बदलतात. नाव पुसून टाकलं तर बदलत नाहीत, तिथे नेमची (नाव अनोळखी असल्याची) चूक दिसायला लागते. त्यामुळे पुसण्याआधी ते कुठे वापरलंय हे बघून घ्या.

नाव देताना एक गंमत आहे, आणि ती खास आपल्याला बाधणारी. गडांच्या याद्यांना जी-ए-डी ही तीन अक्षरं आणि पुढे १, २ अशी नावं द्यायची आपल्याला सवय. जुन्या एक्सेलमध्ये कॉलम २५६ होते, शेवटचा आय-व्ही, त्यामुळे हे नाव बिनधास्त चालायचं. २००७ पासून कॉलम १६,३८४ झाले, शेवटचा एक्स-एफ-डी. आता जी-ए-डी हा चक्क ४,७६२ वा कॉलम आहे आणि जी-ए-डी-१ हा एक सेल! जुनी फाइल नव्या स्वरूपात नेली की एक्सेल अशा नावांच्या आधी अंडरस्कोर लावतं. साधी सूत्रं सुधारतात, पण इनडायरेक्टमध्ये (मजकुरात लिहिलेला पत्ता वाचणाऱ्या सूत्रात) किंवा मॅक्रोत (आपण लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) अवतरणात लिहिलेलं नाव तसंच राहतं. मग इनडायरेक्ट त्या दूरच्या रिकाम्या सेलवर जाऊन शून्य घेऊन येतं. एका जुन्या यादीत सगळ्या टाक्यांची खोली शून्य दिसत होती, त्याचं मूळ हेच. तालुक्यासाठी टी-ए-एल आणि आकडा लिहिणाऱ्यांचीही तीच गत. चार अक्षरी नाव घ्या, प्रश्न मिटला.

‘वर्कबुकमधून नेम्ड रेंजची नोंद काढून टाकली’ असा दुरुस्तीचा संदेश काहींना आला होता. फिल्टर लावला की एक्सेल ‘फिल्टरडेटाबेस’ नावाची एक लपलेली रेंज बनवतं, ती नेम मॅनेजरमध्ये दिसत नाही. फाइल एखाद्या स्क्रिप्टने तयार केलेली असेल आणि त्यात हे नाव दोनदा आलं किंवा नसलेल्या शीटकडे बोट दाखवत असलं, की हा संदेश येतो. मूळ फाइलीतला फिल्टर काढून पुन्हा एक्सपोर्ट करणं सगळ्यात सोपं.

आता देवनागरी. एक्सेल डीबीएफ उघडताना कोणतं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) हे विचारतच नाही. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमधलं मराठी त्यात तिरक्या रेघेचा ए आणि चलनाचं गोल चिन्ह यांची माळ होऊन दिसतं. लिब्रेऑफिस कॅल्क हे स्प्रेडशीट मात्र विचारतं, म्हणून मी तिकडेच वळलोय. तिथे शीर्षकाच्या सेलमध्ये नावापुढे स्वल्पविराम देऊन फील्डचा प्रकार आणि रुंदी लिहिलेली येते. ते शेपूट कचरा समजून काढू नका. रुंदी वाढवायची असेल तर तिथलाच आकडा बदलायचा.

आणि रुंदी वाढवावीच लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-हलन्तासकट. ‘हरिश्चंद्रगड’ म्हणजे बारा चिन्हं, ३६ बाइट. रुंदी २० ठेवली तर ‘हरिश्च’पर्यंत १८ बाइट संपतात, उरलेल्या दोनांत अनुस्वाराचा तुकडा पडतो आणि पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन. गडाच्या नावाला मी आता ६० देतो. फील्डचं स्वतःचं नाव तर दहाच बाइटचं, त्यात ‘पाणी’सुद्धा मावत नाही. तिथे रोमन अक्षरं वापरा.

पुढचं असं ठरवलंय की मूळ नकाशा जिओपॅकेज या नकाशाच्या फाइल-स्वरूपात ठेवायचा. तिथे दहा अक्षरांची अडचण नाही आणि सगळं एकाच फाइलीत राहतं. क्यूजीआयएस ३ हा नकाशाचा प्रोग्राम नव्या थरासाठी तेच स्वरूप आधी सुचवतो. तुम्ही माहिती साध्या तक्त्यात भरा. मी ती क्यूजीआयएसमध्ये टाक्याच्या क्रमांकावरून जॉइन करेन, म्हणजे ओळींचा क्रम कसाही असला तरी बिघडणार नाही. मात्र टाक्याचा क्रमांक पहिल्या कॉलममध्ये हवाच. ज्यांच्याकडे जुन्या शेपफाइली आहेत त्यांनी एकटी डीबीएफ न पाठवता सगळ्या फायली एकत्र झिप करून पाठवा, आणि सीपीजी ही छोटी फाइल असेल तर तीही टाका. एन्कोडिंग कोणतं ते तिच्यातच लिहिलेलं असतं.