उल्व्हर नेमका कधी बदलला?

"उल्व्हर १९९७ सालीच संपला," असे उल्व्हर या बँडबद्दल आज सांगलीत आयर्विन पुलाजवळ चहा पिताना एक मित्र ठामपणे म्हणाला, आणि ते वाक्य अजून मनातून जात नाही.

त्या वर्षीच्या खरखरीत, कर्कश ब्लॅक मेटल (किंकाळ्या आणि वेगवान ड्रम असलेला मेटल संगीताचा आक्रमक प्रकार) अल्बमनंतर या नॉर्वेजियन बँडने वाट बदलली आणि २००० सालापर्यंत तो इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला, हे खरेच आहे.

दुसऱ्या मित्राने मात्र शांतपणे विचारले, "मग १९९६ चा अल्बम कुठे ठेवणार?" त्यात ना ड्रमचा मारा आहे ना किंकाळ्या, आहेत ती अकूस्टिक गिटार, चेलो आणि समूहस्वर. बदल हा या बँडचा सुरुवातीपासूनचा स्वभाव आहे, म्हणूनच त्यांचे नंतरचे संगीत मला विश्वासघात वाटत नाही.

तुम्ही उल्व्हर कोणत्या अल्बमपासून ऐकू लागलात?